रजा चार दिवसांची, वेळापत्रक बेटाचे

मुंबई-पुण्याच्या नोकरदार कुटुंबात सहलीचा आराखडा साधारणपणे रजेपासून सुरू होतो. जोडून आलेल्या सुट्ट्या पाहिल्या जातात, त्यांत मावेल असे ठिकाण निवडले जाते, आणि तिकिटे, हॉटेल व गाडी यांची जुळणी शेवटी होते. महाबळेश्वर, गोवा किंवा अगदी अंदमान यांच्या बाबतीत ही रीत बऱ्यापैकी चालते, कारण तेथे एक विमान चुकले तर दुसरे मिळते आणि एक हॉटेल भरलेले असले तर शेजारचे रिकामे असते. लक्षद्वीपला ती लागू पडत नाही. केरळच्या किनाऱ्यापासून सुमारे २२० ते ४४० किलोमीटर अंतरावर अरबी समुद्रात विखुरलेल्या या ३६ बेटांची सगळी जमीन मिळून जेमतेम ३२ चौरस किलोमीटर भरते, त्यांतील दहाच बेटांवर वस्ती आहे, आणि २०११ च्या जनगणनेनुसार तेथे राहणाऱ्या ६४,४७३ माणसांसाठी चालणारी जहाजे, पाणी, वीज व धान्य यांतूनच पाहुण्याचा वाटा निघायचा असतो. म्हणून येथील छोट्या सहलीची आखणी उलट्या टोकाकडून करावी लागते: आधी जहाज किंवा विमान, मग परवाना, मग ऋतू, आणि सर्वांत शेवटी रजेचा अर्ज.

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या लक्षद्वीप-भेटीची छायाचित्रे प्रसिद्ध झाल्यावर या बेटांविषयी देशभर चौकशी वाढली, आणि तेथे जाणे इतके अवघड का, हा वैतागही वाढला. या अवघडपणात तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या आहेत. काही भाग बेटांच्या घडणीचा आहे आणि तो कोणालाही बदलता येण्यासारखा नाही. काही भाग कायद्याचा आहे आणि तो जाणूनबुजून ठेवलेला आहे. उरलेला भाग निव्वळ अपुऱ्या सोयींचा आहे. या तिन्ही गोष्टी वेगळ्या ओळखल्या, तर कोठे पाठपुरावा करावा, कोठे वाट पाहावी आणि कोठे बेतच सोडून द्यावा, हे सहल आखणाऱ्याला घरबसल्या ठरवता येते.

कड्यावरची वस्ती

लक्षद्वीपची बेटे प्रवाळांची आहेत. प्रवाळ हे वसाहत करून राहणारे आणि स्वतःभोवती चुनखडीचा सांगाडा बांधणारे लहानसे सागरी प्राणी होत. समुद्रतळावरून उठलेल्या जुन्या ज्वालामुखी डोंगराच्या माथ्याभोवती त्यांची वाढ होते. डोंगर हळूहळू खचत जातो, प्रवाळ मात्र प्रकाशाच्या ओढीने वर वाढत राहतात, आणि शेवटी डोंगर दिसेनासा होऊन पाण्याच्या पातळीला प्रवाळांचे कडे तेवढे उरते. अशा कड्याला कंकणाकृती प्रवाळद्वीप किंवा अॅटॉल म्हणतात; त्याच्या निर्मितीचे हे स्पष्टीकरण चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये मांडले आणि पुढे प्रशांत महासागरातील खोल विंधनांनी त्याला दुजोरा दिला. कड्याच्या आतल्या उथळ आणि शांत पाण्याला लगून असे नाव आहे. लक्षद्वीपमध्ये बहुतेक ठिकाणी वाळू व प्रवाळांचा चुरा साचून झालेली जमीन कड्याच्या पूर्व बाजूला असून लगून पश्चिमेला आहे, त्यामुळे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी उठवलेल्या लाटा आधी पश्चिमेकडील प्रवाळभिंतीवर फुटतात आणि वस्तीपर्यंत येईतो त्यांचा जोर ओसरलेला असतो.

जाहिरातीतील छायाचित्रांत जे निळे-हिरवे विस्तार दिसतात ते या लगूनांचे असतात, आणि त्यांचे एकूण क्षेत्र सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर आहे. जमिनीचे माप त्याच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. राजधानी कवरत्ती हे बेट सव्वाचार चौरस किलोमीटरचे, लांबीला सहा किलोमीटरच्या आत, आणि २०११ मध्ये त्यावर अकरा हजारांहून अधिक लोक राहत होते. ही दाटी एखाद्या शहराला शोभेल अशी आहे, जरी माडांच्या सावलीमुळे ती आलेल्या माणसाला लगेच जाणवत नाही. बेटांची उंची समुद्रसपाटीपासून काही मीटरच असून तेथे टेकडी नाही, नदी नाही, ओढाही नाही. बंगारम बेटाजवळचे परळी-१ हे निर्जन बेट धूप होऊन पाण्याखाली गेल्याचे २०१७ मध्ये संशोधनातून पुढे आले, यावरून ही जमीन किती तकलादू आहे हे कळते.

सहलीवरील दोन मोठे निर्बंध याच घडणीतून येतात. प्रवाळभिंतीच्या बाहेर समुद्र फार लवकर शेकडो मीटर खोल होतो आणि आत तो काही मीटरच खोल असतो, त्यामुळे मोठे जहाज लगूनमध्ये शिरू शकत नाही; आणि जमीन इतकी चिंचोळी आहे की मोठ्या विमानाला लागणारी धावपट्टी तिच्यावर मावत नाही.

विलिंग्डन बेटावरून सुटणारे जहाज

कल्याण, पनवेल, रत्नागिरी अशी स्थानके घेत दक्षिणेकडे जाणाऱ्या एका गाडीला मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस असे नाव आहे. गाडीचा प्रवास अर्थातच एर्नाकुलमला संपतो. तेथून कोचीच्या बंदरातील विलिंग्डन बेट जवळच आहे. बंदर उभारताना खाडीतून उपसलेल्या गाळाच्या भरावावर ब्रिटिश अभियंता रॉबर्ट ब्रिस्टो याच्या देखरेखीखाली हे बेट माणसांनी तयार केले, आणि एकेकाळी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर राहिलेल्या व पुढे व्हाइसरॉय झालेल्या लॉर्ड विलिंग्डन यांचे नाव त्याला मिळाले. लक्षद्वीप प्रशासनाची कोचीतील कार्यालये आणि प्रवासी जहाजांचा धक्का येथेच आहे. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक ऑक्टोबरातही चालू असते तेव्हा गाड्या सावकाश धावतात, आणि चुकलेल्या जहाजानंतर त्याच बेटाचे पुढचे जहाज कित्येक दिवसांनी असू शकते. म्हणून कोचीला आदल्या दिवशी पोहोचणे हा खर्च वाटला तरी तो टाळण्यासारखा नाही.

जहाज सुटण्याच्या दिवशी प्रवासी-कक्षात पर्यटक वेगळे ओळखू येतात ते त्यांच्या सामानावरून. त्यांच्याजवळ चाकांच्या बॅगा असतात, तर बेटांवरच्या लोकांजवळ पंख्यांचे आणि मिक्सरचे खोके, औषधांच्या पिशव्या, लग्नाची खरेदी आणि केरळच्या महाविद्यालयांतून सुट्टीवर निघालेल्या मुलामुलींच्या वह्यापुस्तकांच्या थैल्या असतात. एर्नाकुलमच्या रुग्णालयातून परतणारा रुग्ण आणि त्याच्यासोबतचे दोन-तीन नातेवाईक हे तर जवळजवळ प्रत्येक फेरीत दिसतात. ही जहाजे पर्यटनासाठी बांधलेली नाहीत. ती या लोकांची एस.टी. आहेत, आणि एखादे जहाज दुरुस्तीला गेले की तिकिटासाठी रांगा लागतात, तक्रारी होतात, आणि पर्यटकाला मिळालेल्या बर्थकडे कोणी खुशीने पाहत नाही. एम.व्ही. कवरत्ती या सर्वांत मोठ्या जहाजाची क्षमता ७०० प्रवाशांची आहे, एम.व्ही. कोरल्स आणि एम.व्ही. लगून्स ही प्रत्येकी ४०० प्रवाशांची, तर काही जहाजे त्याहून लहान आहेत.

पर्यटकांसाठीची प्रसिद्ध योजना 'समुद्रम्' या नावाची असून ती प्रशासनाच्या 'स्पोर्ट्स' या पर्यटन संस्थेमार्फत चालते. सुमारे पाच दिवसांत कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय ही तीन बेटे दाखवण्याची तिची पद्धत साधी आहे: रात्री जहाज चालते, सकाळी ते एखाद्या बेटाजवळ पोहोचते, प्रवासी दिवसभर बेटावर राहतात आणि संध्याकाळी झोपायला जहाजावर परततात. बेटावर रात्रीच्या मुक्कामाची व्यवस्था लागत नसल्यामुळे थोडक्या खोल्या असलेल्या बेटांना ही पद्धत परवडते. पाहुण्याच्या बाजूने मात्र तिची किंमत अशी, की उन्हाचा ताप सर्वांत जास्त असताना तो किनाऱ्यावर असतो आणि संध्याकाळची निवांत वेळ होताच त्याला बोटीकडे निघावे लागते. कवरत्ती आणि मिनिकॉय यांच्यामध्ये सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर आहे, आणि ते कापताना नाइन डिग्री चॅनेल हा रुंद, खोल समुद्रपट्टा ओलांडावा लागतो. ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी जहाज हलू लागल्यावर घेण्याऐवजी सुटण्यापूर्वीच घेतलेली बरी.

या प्रवासातील खरा कस लागतो तो उतरताना. जहाज बेटाच्या जवळ येऊन थांबते, समुद्राचा रोख पाहून कधी पूर्वेला तर कधी पश्चिमेला, आणि लहान बोटी त्याच्या कुशीला येऊन लागतात. पाण्यापासून फार उंच नसलेला एक दरवाजा उघडला जातो. बाहेर बोट लाटेबरोबर वरखाली होत असते, आत प्रवासी रांगेत उभे असतात, आणि बोट वर आली की दोन्ही बाजूंचे खलाशी प्रवाशाला दंडाला धरून एका झटक्यात पलीकडे घेतात. बेटावरच्या आजीबाई हे काम साडी किंवा काच्ची हे कमरेचे वस्त्र सावरत सहज करतात, कारण जन्मभर त्यांनी तेच केलेले असते. गुडघेदुखी असलेल्या सासूबाईंना किंवा तान्ह्या मुलाला घेऊन निघालेल्या कुटुंबाने मात्र जहाजाची वातानुकूलित खोली किती तारांकित आहे याच्या आधी या उतरण्याचा विचार करावा, कारण 'समुद्रम्'मध्ये तो प्रसंग एकदा न येता दर दिवशी दोनदा येतो. काही बेटांवर धक्के बांधले गेल्यामुळे चांगल्या हवेत हा त्रास कमी झाला आहे, पण समुद्र खवळला की जुनी पद्धत पुन्हा सुरू होते.

चारित्र्याचा दाखला

लक्षद्वीपला जाण्यासाठी भारतीय नागरिकालाही परवाना लागतो, आणि हा भाग तीन अडचणींपैकी कायद्याचा. बेटांवरील प्रवेश आणि वास्तव्य यांवर निर्बंध घालणारे नियम १९६७ पासून लागू आहेत. बेटांवरचे मूळ रहिवासी आणि कामावर असलेले सरकारी कर्मचारी व सैनिक सोडून इतरांनी आधी परवानगी घ्यायची असते. यामागे सरळ कारण आहे. ज्यांचे आई-वडील दोघेही या बेटांवर जन्मलेले आहेत असे येथील रहिवासी अनुसूचित जमातींत मोडतात, आणि इतक्या थोड्या जमिनीवर बाहेरच्या पैशाला मोकळीक मिळाली तर ती जमीन किती काळ त्यांच्या हाती राहील, याचे उत्तर अलिबाग किंवा दापोलीच्या किनाऱ्यावर सात-बारा पाहिलेल्या मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

अर्ज आता ऑनलाइन करता येतो, तरी त्याच्यासोबत लागणारी कागदपत्रे गोळा करण्यात दिवस जातात. विशेषतः पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला मिळवायचा तर महाराष्ट्रातही पोलीस ठाण्याची एक फेरी आणि काही दिवसांची वाट पाहणे धरून चालावे लागते. सरकारी योजनेतून किंवा नोंदणीकृत संस्थेमार्फत गेल्यास परवान्याचे काम बहुधा तेच करून देतात. परवान्यात कोणत्या बेटांवर जायचे ते नमूद असते, त्यामुळे अगत्तीला उतरून मनात आले म्हणून कदमतची बोट धरली, असे येथे चालत नाही. परवाना, तिकीट आणि राहण्याची जागा ही तिन्ही एकमेकांवर अवलंबून असल्याने प्रथम कशाला हात घालावा हा पेच प्रत्येकाला पडतो. अनुभवी लोक आधी राहण्याची जागा किंवा योजना पक्की करतात, तिच्या आधारे परवाना मागतात, आणि कोचीपर्यंतच्या गाडीचे तिकीट रद्द करता येईल असेच काढतात.

अगत्तीची धावपट्टी

घाई असलेल्यांसाठी विमान आहे. अगत्ती बेटाच्या दक्षिण टोकावर १९८८ मध्ये विमानतळ सुरू झाला. त्याची धावपट्टी सुमारे १,२०० मीटरची आहे, मुंबईच्या मुख्य धावपट्टीच्या जवळपास एक तृतीयांश. तेथे एटीआरसारखी पंख्यांची छोटी विमानेच उतरू शकतात, आणि धावपट्टी आखूड असल्यामुळे प्रवासी व सामान यांच्या वजनावर कडक मर्यादा असते. कोचीहून ही सेवा अनेक वर्षांची आहे. २०२४ मध्ये बेंगळुरूहून आणि गोव्यातील मोपा विमानतळावरूनही उड्डाणे सुरू झाल्यामुळे कोल्हापूर-सिंधुदुर्गाकडील प्रवाशाला कोचीचा वळसा टाळण्याची शक्यता निर्माण झाली. मार्ग आणि वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून बेत करताना त्या हंगामाचे वेळापत्रकच पाहिले पाहिजे.

अगत्तीहून बोटीने बंगारम आणि तिन्नकरा गाठता येतात. एकाच प्रवाळकड्यावर असलेली ही दोन बेटे कायम वस्तीची नाहीत, आणि पर्यटकांची निवासस्थाने तेथे असल्याने तीन रात्रींच्या सहलीसाठी हाच भाग सर्वांत सोयीचा ठरतो. पाच दिवसांत तीन बेटे धावत पाहण्यापेक्षा एका लगूनजवळ तीन दिवस राहणे अधिक शहाणपणाचे, असे या दोन्ही पद्धती ताडून पाहिल्यावर म्हणावेसे वाटते. अपवाद मिनिकॉयचा, ज्याच्यासाठी जहाजाचा सगळा खटाटोप सोसण्यासारखा आहे.

उधाण, भांग आणि वादळे

पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबरपासून मेच्या मध्यापर्यंत धरला जातो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात लहान जलद बोटी बंद राहतात, जहाजांच्या फेऱ्या कमी होतात, आणि लगूनचे पाणी ढवळून गढूळ झाल्याने प्रवाळ पाहायला गेलेल्याला फारसे काही दिसत नाही. हंगामातले महिनेही सारखे नसतात. दिवाळीच्या आसपास समुद्र नुकताच शांत होऊ लागलेला असतो. अरबी समुद्रात मोसमी पावसाच्या आधी आणि नंतर चक्रीवादळांचे दोन हंगाम असतात, आणि लक्षद्वीप दोन्हींच्या वाटेवर आहे. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळाने मिनिकॉय व कल्पेनीला झोडपले, आणि त्याच वादळात भरकटलेल्या केरळ-तमिळनाडूच्या अनेक मासेमारी नौकांनी देवगडच्या बंदरात आसरा घेतला; मे २०२१ मधील तौक्ते वादळ लक्षद्वीपजवळ आकाराला येऊन पुढे कोकण व मुंबईला हादरवून गुजरातेत शिरले. जानेवारी ते मार्च हा काळ सर्वांत निर्धोक. एप्रिलच्या मध्याला सूर्य कवरत्तीच्या बरोबर डोक्यावर येतो, आणि दुपारच्या पांढऱ्या वाळूवर तेव्हा उभे राहवत नाही.

ऋतूइतकेच महत्त्व तिथीला आहे. येथे भरती-ओहोटीतला फरक कोकणच्या मानाने कमी, साधारण एक ते दीड मीटरचा. तरी लगूनमध्ये पाणीच मुळात थोडे असल्याने तेवढ्यानेही सगळे बदलते. प्रवाळभिंतीतील फटीतून बोट आत घेणे, प्रवाळांवरून तरंगत पोहणे, काचेच्या तळाची बोट फिरवणे, ही कामे भरतीच्या वेळा पाहून ठरतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटी इतकी खोल जाते की प्रवाळांचे माथे उघडे पडतात आणि त्यांवर पाय पडण्याचा धोका वाढतो. अष्टमीच्या सुमारास, कोकणातले मच्छीमार ज्याला भांग म्हणतात त्या काळात, पाण्याचा चढउतार सौम्य असतो. पोहायला शिकणाऱ्याला भांगाचे दिवस बरे पडतात. पंचांग घरात असलेल्या माणसाला ही माहिती मिळवायला वेगळे काही करावे लागत नाही.

विहिरीतले पाणी

नदी-ओढे नसलेल्या बेटावर गोडे पाणी येते कोठून, हे समजले की बेटावर किती पाहुणे राहू शकतील या प्रश्नाचे अर्धे उत्तर हाती येते. पावसाचे पाणी सच्छिद्र प्रवाळ-वाळूतून खाली मुरते, आणि खाऱ्या पाण्याहून हलके असल्यामुळे जमिनीखाली त्यावर तरंगत राहते. मध्यभागी जाड आणि कडांना पातळ असा हा थर भिंगाच्या आकाराचा असतो. विहिरी याच थराला लागतात, म्हणून हात-दोन हात खोदले तरी पाणी दिसते. उपसा वाढला, आणि विशेषतः पंप लावून तो एका जागी झाला, की खालचे खारे पाणी वर चढते. पुन्हा त्याच वाळूत घराघरांचे संडासाचे खड्डे असतात, आणि दाट वस्तीत विहीर व खड्डा यांच्यामधले अंतर फार ठेवता येत नाही.

या अडचणीवर चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने काढलेला मार्ग मुद्दाम पाहण्यासारखा आहे. प्रवाळकड्याच्या बाहेर समुद्र एकदम खोल होतो, ही गोष्ट जहाजाला अडचणीची ठरली तरी येथे उपयोगी पडली. सुमारे ३५० मीटर खोलीवरचे थंड पाणी, तापमान १२-१३ अंश सेल्सिअस, नळाने वर आणले जाते. पृष्ठभागावरचे २८ अंशांच्या आसपासचे पाणी कमी दाबाच्या टाकीत सोडले की त्यातील थोडा भाग उकळल्यासारखा वाफ होतो, आणि ती वाफ थंड पाण्याच्या नळ्यांवर निवून गोडे पाणी मिळते. दिवसाला एक लाख लिटर पाणी देणारे असे पहिले संयंत्र कवरत्तीत २००५ मध्ये सुरू झाले, आणि २०११ मध्ये मिनिकॉय व अगत्तीलाही ती सोय झाली. पंप चालवायला वीज लागते, आणि सौर पट्ट्यांची भर पडत असली तरी वीज अद्याप मोठ्या प्रमाणावर डिझेलवर, म्हणजे पुन्हा मुख्यभूमीवरून येणाऱ्या जहाजांवर अवलंबून आहे. तांदूळ, डाळ, कांदे, टोमॅटो, गॅस यांचेही तेच. दोन फेऱ्या हुकल्या की दुकानातल्या भाजीच्या टोपल्या रिकाम्या होतात. शाकाहारी कुटुंबाने जेवणाची चौकशी आधी करून सोबत थोडा कोरडा शिधा ठेवणे, हा सल्ला बावळटपणाचा वाटला तरी पाळण्याजोगा आहे.

शुक्रवारची मालमत्ता

येथील बहुतेक सर्व रहिवासी मुस्लिम असून मिनिकॉय सोडून अन्य बेटांवर मल्याळमची जेसरी ही बोली चालते. मिनिकॉयची महल भाषा मालदीवच्या धिवेहीशी नाते सांगते आणि उजवीकडून डावीकडे लिहिली जाते. या समाजाचे वैशिष्ट्य म्हणजे मातृवंशीय कुटुंबव्यवस्था. घराणे आईकडून मोजले जाते, आणि पूर्वापार चालत आलेल्या रीतीप्रमाणे विवाहानंतरही स्त्री आपल्या माहेरच्या घरीच राहून पती रात्री तेथे येत असे. एकत्र घराण्याच्या मालमत्तेला शुक्रवारची आणि स्वकष्टार्जित मालमत्तेला सोमवारची असे म्हटले जाते. पहिली आईच्या वंशाने, तर दुसरी इस्लामी वारसाहक्काने पुढे जाते. लक्षद्वीपमधील मातृवंश आणि इस्लाम यांच्या या सहवासावर १९६९ मध्ये पुस्तक लिहिणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबे माहेरच्या अंबर्डेकर, गायिका सुमती मुटाटकर यांच्या भगिनी, हे मराठी वाचकांत फारसे कोणाला ठाऊक नसते.

सहल आखताना याचा संबंध असा, की जमीन घराण्यांकडे असल्याने आणि बाहेरच्यांना ती सहज घेता येत नसल्याने किनाऱ्यावर हॉटेलांची रांग उभी राहिलेली नाही. पाहुणा सरकारी कुटीत, तंबूत किंवा स्थानिक कुटुंबाच्या घरगुती निवासात राहतो. बेटांवर दारूबंदी आहे, बंगारम तेवढे अपवाद. पोहण्याचे कपडे पर्यटकांसाठी राखलेल्या किनाऱ्यापुरते ठेवावेत, गावातून फिरताना अंगभर कपडे असावेत, आणि शुक्रवारी दुपारी दुकाने व बोटी थांबणार हे धरून चालावे. मिनिकॉयमध्ये १८८५ च्या दीपगृहावरून बेटाची चंद्रकोर आणि पलीकडचे लगून एका नजरेत दिसते. तिथल्या गावांची सामुदायिक घरे आणि शर्यतीच्या रंगीत लांब होड्या पाहायच्या तर गावकऱ्यांना विचारून, त्यांच्या वेळेने पाहाव्यात.

ताटातला कुपा आणि पाण्यातले प्रवाळ

येथील मुख्य मासेमारी कुप्याची, म्हणजे टूनाची. लगूनमधून बारीक मासे जाळ्याने धरून ते होडीतल्या पाण्याच्या हौदात जिवंत ठेवले जातात. खुल्या समुद्रात कुप्यांचा थवा दिसला की हे आमिष फेकून त्यांना वर आणायचे, आणि काठीला बांधलेल्या गळाने एकेक मासा होडीत उडवायचा, अशी ही मिनिकॉयची जुनी पद्धत आहे. उकडून, धूर देऊन आणि उन्हात वाळवून त्याचे जे लाकडासारखे कठीण मासमीन होते ते वर्ष-वर्ष टिकते. खाण्यासाठी मुख्यतः खोल समुद्रातला मासा असल्यामुळे प्रवाळांवरच्या माशांवर पिढ्यानपिढ्या फार ताण पडला नाही, आणि प्रवाळांवर वाढणारे शेवाळ खाणारे ते मासे टिकले म्हणून उष्णतेचा फटका बसल्यावर प्रवाळ सावरू शकले. पर्यटकांच्या ताटासाठी आता प्रवाळांवरच्या माशांना मागणी येऊ लागली आहे. म्हणून रात्रीच्या जेवणाला काय हवे असे विचारले गेले, तर कुप्याचे कालवण सांगावे.

उष्णतेचे फटके वाढत आहेत. समुद्राचे तापमान काही आठवडे नेहमीपेक्षा जास्त राहिले की प्रवाळ आपल्या ऊतींत राहणारी व अन्न पुरवणारी सूक्ष्म शैवले बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. हीच अवस्था लांबली तर ते मरतात. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये असे मोठे प्रसंग आले, २०२४ मध्ये पुन्हा आला. नेचर कन्झर्व्हेशन फाउंडेशनचे संशोधक १९९८ पासून हे प्रवाळ पाहत आहेत, आणि त्यांच्या नोंदींनुसार जिवंत प्रवाळांचे आच्छादन तेव्हाच्या मानाने जवळपास निम्म्यावर आले आहे. पहिल्यांदा पाण्यात डोके घालणाऱ्याला हे कळत नाही, कारण त्याला रंगीत मासे भरपूर दिसतात. पाण्यात उतरणाऱ्याने प्रवाळांवर उभे न राहणे ही किमान अट. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून पिशवीत टाकणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखालील गुन्हा आहे, मेलेला तुकडा असला तरी. परतीच्या तपासणीत तो सापडला तर रडवेल्या चेहऱ्याचा उपयोग होत नाही. आणायचेच असेल तर मासमीन, नारळाच्या नीरेचा गूळ किंवा व्हिनेगर आणावे.

२०२३ मध्ये सुहेली आणि कदमत या बेटांवर मोठ्या हॉटेल-समूहाचे प्रकल्प जाहीर झाले, आणि जानेवारी २०२४ मध्ये कोचीहून समुद्रतळातून टाकलेल्या दृक्‌तंतू-केबलचे उद्घाटन झाल्याने इंटरनेटची जुनी रडकथाही बरीच संपली आहे. नकाशावर पाहणाऱ्याला आता फक्त खोल्या कमी पडतात असे वाटण्याची शक्यता आहे. पण बेटांच्या विकासाची मर्यादा ठरवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती, कारण खोल्या वाढवल्या तरी त्यांच्याखालचे गोड्या पाण्याचे भिंग वाढत नाही. सुहेलीवर कायम वस्ती नाही; तेथे येणाऱ्या पाहुण्यासाठी पाणी, वीज, कचऱ्याची परत वाहतूक आणि कामगारांची घरे हे सर्व नव्याने उभे करावे लागेल, आणि तिकडचा कामगार, सिमेंट व भाजी जर कवरत्तीच्याच जहाजांतून जाणार असेल, तर कोचीच्या धक्क्यावर रुग्णाला घेऊन उभ्या असलेल्या कुटुंबाचा बर्थ कोणाच्या नावावर लागेल, हे हॉटेलांच्या आराखड्यांच्या आधी जहाजांच्या संख्येवरून ठरायला हवे.